रिकामा पंप

“...मग हा डबा कोकलतोय कशासाठी?” बुवांनी विचारलं.

मठाच्या पंपघरात लाल दिवा पेटला होता. वेदगंगेचं पाणी टेकडीवर चढवणाऱ्या मोटरीला अच्युतनं हा नवा ड्राइव्ह, म्हणजे तिचा वेग सांभाळणारा डबा, बसवला होता, नुकत्याच गेलेल्या वडिलांच्या नावानं. कारखान्याकारखान्यांतले ड्राइव्ह दुरुस्त करणारा माणूस तो. आपल्याच देणगीनं बुवांसमोर नाक कापावं, हे त्याला झोंबलं.

“टॉर्क कमी दाखवतोय, बुवा. मोटरीला फिरायला जेवढा जोर लागायला हवा, तेवढा लागत नाहीये.”

“जोर लागत नाही... म्हणजे सुखात आहे की.”

“मीही सुखातच आहे,” अच्युत म्हणाला. “अण्णा इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेले. त्यांचं सगळं मीच केलं. गेले, तर डोळ्यांत टिपूस नाही. तिसऱ्या दिवशी कामावर गेलो. मन अगदी हलकं झालंय. याला वैराग्य म्हणायचं का, तेवढं सांगा.”



अलार्म पुन्हा ओरडला. अच्युतनं चिडून बटणं दाबली आणि अलार्मची मर्यादा पार तळाला नेऊन ठेवली. डबा गप्प झाला. मोटर हलक्या आवाजात फिरत राहिली.

“झालं.”

“वर पाणी चढतंय?”

अच्युतनं पाइपला हात लावला. कोरडा. पंपाला लावला, तर चटका बसला. त्यानं घाईघाईनं मोटर बंद केली. हाताखालच्या कुणी कारण न शोधताच अलार्म गप्प केला असता, तर अच्युतनं त्याची बिनपाण्यानं केली असती.

“आतलं पाणी उतरून गेलंय, बुवा. पंप रिकामाच फिरत होता. जळलाच असता.”

“हं...”

पंप निवू दिला. मग बुवांनी नदीतून बादली भरून आणली आणि तांब्या अच्युतच्या हातात दिला.

“भर.”

पंपावरचं बूच काढून अच्युत बेताबेतानं पाणी ओतू लागला. आत गुटगुट आवाज झाला, की थांबायचं, मग पुन्हा ओतायचं.

अण्णांना गिळता येत नसे. चमचा ओठांशी धरून तो असाच थांबायचा, घसा हलेपर्यंत. शेवटच्या दिवशी घसा हललाच नाही. तो भरलेला चमचा आपण कुठे ठेवला, हे काही केल्या त्याला आठवेना.

 मग हुंदका फुटला आणि अच्युत लहान मुलासारखा रडू लागला. इतके दिवस घरात कुणाला पाणी पाजायचं नव्हतं, आणि त्यालाच तो सुख म्हणत आला होता.

पाणी काठाला आलं, पंपावरून ओघळलं, त्याच्या पायांवर सांडलं.

“भरला, बुवा...” तो कसाबसा म्हणाला. हात मात्र थांबत नव्हता.

बुवांनी बादली त्याच्याजवळ सरकवली.

“असू दे, अच्युता. ओत.”