फेसूच्या दहा चकरा

फार पूर्वी, म्हणजे आमच्या सोसायटीला लिफ्टसुद्धा नव्हती तेव्हा, खरकटी भांडी धुऊन आलेला फेसू नावाचा एक थेंब सांडपाणी साफ करायच्या तळ्यात पडला. त्याला नदीत जायचं होतं, तेही लगेच!

"अरे, आधी स्वच्छ हो! असाच गेलास तर मासे गुदमरतील," बेडूकआजोबा ओरडले.

"एवढा वेळ कुणाला आहे, आजोबा? वारादादा, मला पलीकडे, नदीत जाणाऱ्या नळीपाशी सोड ना!"

वाऱ्याने त्याला ढकललं आणि फेसू सुसाट! पण पलीकडच्या भिंतीला धडकून पाणी खाली वळलं, तळातून उलटं निघालं आणि फेसू पुन्हा सुरुवातीला!

"दादा, चीटिंग!"

"मी फक्त वरचं पाणी ढकलतो रे. खालचं मागे येतं, त्याला मी काय करू?"

असं दहा वेळा झालं. वर ऊन चटके द्यायचं, खाली जंतू गुदगुल्या करत त्याचं खरकटं खायचे. अकराव्यांदा एकदाची बाहेरची नळी सापडली आणि फेसू धपकन नदीत!

"दहा चकरा फुकट गेल्या!" तो करवादला.

समोरची मासोळी दचकून गरकन फिरली. "कोण बोललं? इथे तर नितळ पाण्याशिवाय कुणीच दिसत नाहीये!"