डांबर निघाल्यानंतर

एकदा एक गृहस्थ आपल्या वृद्ध गुरुजींच्या दारात गाडी उभी करून बराच वेळ आतच बसून राहिला. भालचंद्र त्याचे नाव. लहानपणी तो या गुरुजींकडे पेटी शिकला होता. आता त्याची पन्नाशी उलटली होती आणि गुरुजींची बोटे पेटीवर फारशी वळत नव्हती. ओसरीवर सुपारी कातरत बसलेल्या गुरुजींनी शेवटी हाक मारली.

"भालू, मुक्काम गाडीतच आहे का?"

भालचंद्र उतरला. त्याचा चेहरा ओढलेला होता. "गाडीची दशा बघा, गुरुजी. रस्त्यावर ताजं डांबर टाकलंय. इथवर येईपर्यंत सगळं गाडीवर उडालं."

गर्द निळ्या गाडीची एक बाजू खालून काळ्या ठिपक्यांनी भरली होती. एका ठिपक्याशेजारी किल्लीने खरवडल्याचा पांढरा ओरखडा होता.

"तारेची घासणी द्या," तो म्हणाला. "रॉकेल असलं तर तेही द्या. मला पुढं जायचंय."

"करपलेली कढई आहे का ती?" गुरुजी म्हणाले. "आधी गाडी सावलीत घे. पत्रा तापलाय."

ते कमरेवर हात ठेवत उठले, आत गेले आणि खोबरेल तेलाची बाटली व जुन्या धोतराचा तुकडा घेऊन आले. फडके तेलात भिजवून त्यांनी एकेक ठिपका नुसता ओला केला. घासला नाही. मग पायरीवर बसून म्हणाले, "आता बस. तेलाला त्याचं काम करू दे. कुठं निघालास?"

"कुमुदकडं. अण्णांना आणायला."

कुमुद ही भालचंद्राची बहीण, आणि अण्णा हे दोघांचे वडील. भालचंद्राच्या घरी सत्यनारायणाची पूजा होती. जेवणाच्या पंगतीत अण्णा वाढणाऱ्यांना सारख्या सूचना करत होते. दिवसभराच्या धावपळीने वैतागलेला भालचंद्र सगळ्यांदेखत म्हणाला होता, "अण्णा, बसून खाता, तर निदान गप्प बसून खा." अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुलीकडे निघून गेले.

"पण मी माफी मागितली, गुरुजी," भालचंद्र म्हणाला. "नुसती नाही मागितली. नात्यातली मोठी माणसं घेऊन कुमुदकडं गेलो. अण्णांच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला, पायांवर डोकं ठेवलं. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडले. मामा म्हणाले, मुलगा असावा तर असा."

"आणि अण्णा?"

"अण्णांनी शाल घडी करून कुमुदच्या कपाटात ठेवली. त्यानंतर जातो तेव्हा त्यांना सांगतो, चार माणसांत तुमचे पाय धरलेत, आणखी काय करू? ते भिंतीकडं बघत बसतात. मी थकलो, गुरुजी. आज आले नाहीत तर पुन्हा विचारायला जाणार नाही. त्यांचं वय झालंय. त्यांचं काही बरंवाईट झालं, तर ते बहिणीच्या घरी होईल. होऊ दे."

हे शेवटचे शब्द म्हणताना त्याने तोंड फिरवले. गुरुजींनी त्याच्या हातात फडके दिले.

भालचंद्राने पुसायला सुरुवात केली. पहिल्या हाताला थोडे डांबर सुटले. चिवट ठिपक्यांना पुन्हा तेल लावून थांबावे लागले. हळूहळू सगळे काळे फडक्यावर आले आणि दार आरशासारखे चमकू लागले.

"निघालं की!" तो म्हणाला. "नवी दिसतीय गाडी." आणि त्याने खिशातून किल्ली काढली.

"थांब जरा," म्हणून गुरुजी पुन्हा आत गेले. येताना त्यांच्या मुठीत ज्वारीचे पीठ होते. त्यांनी दारासमोर मूठ उघडली आणि फुंकर मारली.

"अहो गुरुजी! हे काय केलंत?"

पीठ दारावर पसरले. तेल नव्हते तिथले घसरून खाली पडले. पण जिथे जिथे डांबर होते, तिथे तिथे ते चिकटून बसले. मघाच्या काळ्या ठिपक्यांच्या जागी आता पांढरे ठिपके उठून दिसू लागले.

गुरुजी सावकाश म्हणाले, "तू पंगतीत बोललास ते डांबर. माफी मागितलीस ते तेल. तेलाशिवाय डांबर सुटत नाही, म्हणून माफी मागितलीस ते योग्यच केलंस. पण तेल पुसायचं राहिलं, बाळा. शाल, नारळ, फोटो, सगळं तसंच चमकत ठेवलंस. आता येणारा प्रत्येक जण अण्णांना विचारत असेल, एवढे पाय धरले मुलानं, अजून का अडून बसलाय? जिथं तुझा शब्द लागला होता, नेमकं तिथंच लोकांची धूळ बसतीय. डाग आधी काळा होता, आता पांढरा झालाय. त्यांनी तो कुठं लपवायचा?"

भालचंद्र खाली मान घालून उभा राहिला. त्याने विचारले, "मग आता काय करू?"

"आधी भांडी घासायचा साबण आण. मोरीत आहे."

बादलीत साबणाचा फेस करून त्याने सबंध दार मऊ फडक्याने धुतले, वर स्वच्छ पाणी ओतले. तेल गेले, पीठ गेले आणि चमकही गेली. किल्लीचा ओरखडा मात्र राहिला.

"आता चमकत नाही," तो म्हणाला.

"नाही चमकत. दारासारखं दार दिसतंय."

"तिथं जाऊन काय बोलू, गुरुजी?"

"भूक लागली असेल तर जेवायला माग."

भालचंद्र पोचला तेव्हा कुमुदने दारातच कपाळावर आठ्या घातल्या. "आलास? कर सुरू तुझं पुराण."

"पुराण नाही. भूक लागलीय. काय असेल ते वाढ."

त्याने पिठलं-भाकरी खाल्ली. अण्णा समोरच्या खाटेवर बसून होते. आता तो पाय धरल्याचे काढील, मग काढील, अशी ते वाट पाहत असावेत. पण तो काही बोलला नाही. हात धुऊन तो खाटेच्या दुसऱ्या टोकाला टेकला. दोघेही दमलेले होते आणि दोघांनाही ते दिसत होते. दुपार कलली.

खूप वेळाने अण्णांनी विचारले, "सकाळी पाणी येतं तेव्हा मोटर कोण लावतं रे?"

मी एवढं करतो, तुम्ही येत नाही, हे वाक्य भालचंद्राच्या ओठांपर्यंत आले. ते त्याने तिथेच थांबवले.

"कोणी नाही लावत, अण्णा. कुणाला जागच येत नाही. टाकी अर्धीच भरते."

अण्णा खाटेखाली पायाने चपला चाचपत म्हणाले, "कुमुद, माझी पिशवी कुठं ठेवलीस गं?"

कुमुद भावाकडे बघू लागली. त्याने उठून अण्णांच्या चपला पुढे सरकवल्या. चपला पुढे केल्याचे मात्र या खेपेला कोणाला सांगायचे नव्हते, हे त्याला कळले होते.