राजेसाहेबांचं हजामतीचं यंत्र

न्हाव्यांची आता काही गरज उरली नाही, असं काळंबेगडच्या उदाजीराजांनी भर दरबारात जाहीर केलं आणि तुळाजी न्हाव्याच्या पायाखालची जमीनच सरकली. राजांचं जावळ काढलं ते तुळाजीनं. पहिली मिसरूड फुटली तेव्हा ती कोरली तीही त्यानंच. आणि आता त्याच राजांच्या हातात एक चकचकीत यंत्र होतं. समुद्रापलीकडच्या कुणा व्यापाऱ्यानं ते भेट दिलं होतं. मूठ दाबली की दाते कटाकट चालत आणि केस खाली पडत. राजे इतके खूश, की दिवसातून तीनतीनदा स्वतःची हजामत करायचे. केसांना उगवायला तरी सवड द्यायला हवी की नाही?

"तुळाजी," राजे म्हणाले, "हे यंत्र पाणी मागत नाही, गावभरच्या गप्पा सांगत नाही आणि मला अर्धा तास मान वाकडी करून बसवत नाही. मग तुमचं काम काय?"

"काम हाय की, सरकार."

"मग दाखव. आठ दिवस देतो. मात्र वस्तरा आणायचा नाही, माझ्या अंगाला हात लावायचा नाही आणि यंत्राला नावं ठेवायची नाहीत. पटवून दिलंस तर ठीक. नाहीतर राज्यातल्या झाडून साऱ्या न्हाव्यांनी वस्तऱ्या-कात्रीच्या धोकट्या जमा करायच्या आणि पागेत घोड्यांची लीद काढायची."

"वा, काय न्याय!" दिवाण नारोपंत म्हणाले. राजे शिंकले तरी नारोपंत वा म्हणायचे.

तुळाजी घरी आला तो तोंड पाडूनच. बायकोनं, कोंडाईनं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वस्तरा न्हाई, हात न्हाई, मग काय फुंकर मारून हजामत करनार?"

दोन दिवस तुळाजीला भाकर गोड लागली नाही. तिसऱ्या दिवशी भरदुपारी परसदारी कुणीतरी खाकरलं. बघतो तर डोक्यावरून उपरणं घेतलेले नारोपंत!

"तुळाजी, कुणाला बोलू नकोस," दिवाणजी कुजबुजले. "उजव्या कानामागं, मानेवर, बोटभर लांब झुपका ठेव. बाकी साफ कर."

"ह्यो असला झुपका? कशापायी?"

"अरे, खुद्द सरकारांनी ठेवलाय. नवी तऱ्हा असणार. दरबारात पहिला मान माझा हवा."

तुळाजीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. स्वतःची मान दिसते कुणाला? यंत्र फिरवताना कानामागची ती जागा राजांच्या हातून सुटली होती, आणि झुपका दिमाखात डुलत होता. तुळाजीला हसू आवरेना. त्यानं गाल चावून धरला आणि दिवाणजींचा झुपका अगदी मापात ठेवला.

संध्याकाळी खजिनदार आले. दुसऱ्या दिवशी फौजदार, मग वैद्यबुवा. प्रत्येकजण परसदारानं यायचा आणि प्रत्येकाला वाटायचं, आपल्यालाच सुचलं. सातव्या दिवसापर्यंत चाळीसच्या चाळीस मानकरी येऊन गेले. कोंडाई खांबाला धरून इतकी हसली की तिला उचकी लागली.

आठव्या दिवशी तुळाजी रिकाम्या हातांनी दरबारात उभा राहिला.

"काय दाखवतोस?" राजांनी विचारलं.

"म्या काय बी दावत न्हाई, सरकार. फकस्त समद्या मानकऱ्यांनी तुमच्याकडं पाठ करावी, असा हुकूम द्या."

दरबारात खळबळ उडाली. काळंबेगडात राजाला पाठ दाखवणं हा मोठा गुन्हा. दरबार सुटला की मानकरी उलट्या पावलांनी बाहेर पडत, आणि उंबऱ्याला अडखळून रोज दोघेतिघे आपटत.

नारोपंतांचा चेहरा पांढराफटक पडला. "सरकार, हा दरबाराचा अपमान आहे!"

"फिरा म्हणतो ना!" राजे गरजले.

चाळीस पाठी फिरल्या. चाळीस माना, आणि प्रत्येक मानेवर उजव्या कानामागं एकेक झुपका! नारोपंतांनी आपल्या झुपक्याला अत्तर लावलं होतं, खजिनदारांनी तेल चोपडलं होतं.

"हे काय सोंग?" राजे ओरडले. "नारोपंत!"

"सरकार... आपलीच तऱ्हा आहे ही," नारोपंत भिंतीकडं बघत म्हणाले.

राजांचा हात हळूच स्वतःच्या कानामागं गेला. तिथं झुपका हाताला लागला. राजे लाल झाले.

"किती दिवस आहे हा?"

"आठ दिवस, सरकार."

"आणि एकानंही सांगितलं नाही?"

राजे तुळाजीकडं वळले. "तुला ठाऊक होतं. तू का नाही बोललास?"

"यंत्राला नावं ठिवू नको म्हनलात. सांगितलं असतं तर बोल त्यालाच लागला असता न्हवं?"

"मग एवढे झुपके बोटभर मापाचे, एकसारखे, ठेवले कुणी?"

"ह्याच हातानं, सरकार. यंत्रानं एक ठिवला, पर तसले चाळीस ठिवायला न्हावी लागला!" तुळाजीनं हात जोडले. "आन् आमचं काम इचारलं व्हतं तुमी. तुमच्या मागं काय हाय ते तुमच्या तोंडावर सांगायचं, ह्येच आमचं काम. केस काय, बोलता बोलता निघत्यात."

राजांनी ओठ आवळून बघितलं, पण तेवढ्यात खजिनदारांचा तेलकट झुपका थरथरला आणि राजांना हसू फुटलं. ते इतके हसले की पगडी मांडीवर आली. मग भिंतीकडं तोंड केलेले चाळीसजणही खांदे उडवत हसू लागले.

हुकूम तिथल्या तिथे रद्द झाला. तुळाजीला चांदीची वाटी आणि सोन्याचं कडं मिळालं, आणि यंत्र नारोपंतांना बक्षीस मिळालं, त्यांनी रोज स्वतःच्या हातानं वापरायचं, या अटीवर!

मग राजे सिंहासनावरून उतरले आणि मांडी घालून खाली बसले.

"हं तुळाजी, मागव तुझी धोकटी."

"मागवतो. पर आदी मान खाली घाला, सरकार, आन् गप बसा."

राजांनी मुकाट्यानं मान खाली घातली.