कंकूबायचा श्वास

खाणवड्याच्या डोंगराला नुकतेच सुरुंग लागू लागले होते, फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा गावात कंकूबाय नावाची बोहारीण यायची. जुने कपडे घ्यायची, भांडी द्यायची. साडीवर पातेलं मागणाऱ्या बाईला ती बोलता बोलता चमच्यावर आणून सोडायची. घासाघिशीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, असं म्हणतात.

त्याच सुमाराला खाणीवरच्या पोरांना सुईच्या नशेची चटक लागली. गावाने त्यांना वाळीत टाकलं. ती ओढ्यापलीकडच्या पडक्या चुनाभट्टीत बसत आणि एकच सुई सगळे मिळून टोचून घेत. एकाची कावीळ दुसऱ्याला होई. पोरं मरू लागली, आणि गाव म्हणे, बरं झालं.

कंकूबाय मात्र पाटी घेऊन थेट भट्टीत गेली. "जुनी सुई टाका, नवी घ्या," म्हणाली. कपड्यांवर तासभर भांडणारी ही बाई सुईवर कधी अडून बसली नाही, कोणाचं नावही तिने विचारलं नाही. नव्या सुया ती तालुक्याच्या दवाखान्यातून आणायची. तिथल्या कंपाउंडरच्या घरात म्हणे भांडी ठेवायला जागा उरली नव्हती! तिच्या पाटीतल्या सुया कधी संपल्या नाहीत, असं म्हणतात.

एका सकाळी सरूबाईचा एकुलता एक लेक बळीराम भट्टीत निपचित सापडला. ओठ निळे पडले होते. लोक ओढ्याअलीकडेच थांबले. पाटील म्हणाले, "गेला त्यो. तिरडी बांधा."

कंकूबाय ओढा ओलांडून धावली. तिने त्याची मान मागे केली आणि त्याच्या तोंडात आपला श्वास फुंकला. पुन्हा फुंकला. ऊन डोक्यावर आलं, कललं, तरी ती थांबली नाही. तिने इतकी हवा ओढून घेतली की गावात वारा उरला नाही. पिंपळाचं पान हलेना, चुलीचा धूर जागचा सरकेना. दिवेलागणीला बळीराम खोकला, आणि साऱ्या गावात वारा सुटला.

सरूबाईने तिचे पाय धरले. "बाय, आता सुटंल का गं त्याचं?"

"ते मला न्हाई ठावं," कंकूबाय म्हणाली. "जगला तर कधीतरी सुटंल."

खरं सांगायचं तर लगेच काही सुटलं नाही. आठवड्याच्या आत तो पुन्हा भट्टीत जाऊन बसला. कंकूबायही पाटी घेऊन गेली, आणि तिच्या मागोमाग सरूबाई लेकाला भाकरी घेऊन गेली. कैक वर्षांनी एके दिवशी बळीरामने जुनी सुई टाकली आणि नवी घेतलीच नाही. त्या दिवशी कंकूबाय ढसाढसा रडली, असं म्हणतात.

भट्टीपाशी आजही सुया टाकायचा पत्र्याचा डबा आहे आणि शेजारी नव्या सुया असतात. कोणी निपचित पडलेलं दिसलं, की पहिला पोचेल तो आपला श्वास देतो. कोणाचा कोण, काय घेतलंस, हे तोवर विचारायचं नाही, अशी गावाची रीतच आहे. पोरगं खोकलं की ओढ्यावरून आरोळी उठते, "कंकूबाय आली!" मग गावातली एक आई हातातलं काम टाकून अनवाणी धावत सुटते.