आप्पास्वामींची अर्धी बादली

"पण मी इंजिनिअर व्हावं की नाही, एवढंच तर विचारायचंय," कल्याणी म्हणाली. "हो किंवा नाही. एका शब्दाचं काम आहे."

"आधी दोण," निरंजनबुवा म्हणाले.

टेकडीवरच्या त्या मठाची रीतच तशी होती. आप्पास्वामींना काही विचारायचं, तर आधी विहिरीचं पाणी शेंदून दारातली दगडी दोण काठोकाठ भरायची. मग प्रश्न.

कल्याणीला मेकॅनिकलला सीट मिळाली होती. आज पाचच्या आत पक्की केली नाही, तर ती दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती. काका म्हणत होते, मुलीच्या जातीनं ग्रीसमध्ये हात घालायचे का? मावशी म्हणत होती, कॉम्प्युटर सोडून हे काय भलतंच? आणि आपल्याला हे जमेल का, ही धास्ती तिला स्वतःला तीन दिवस छळत होती.

मठात मोबाईलला रेंज नव्हती. खाली गावात जायला स्कूटीवरून वीस मिनिटं लागत. तीन वाजून गेले होते.

"खरं सांगू का?" बुवा म्हणाले. "मीही मेकॅनिकलच. फर्स्ट क्लास. सगळं सोडून इथे आलो. त्यात काही नाही."

हे सांगताना ते खांद्यावरच्या भगव्या उपरण्याची घडी नीट करत. उपरणं कायम इस्त्रीचं असे.

कल्याणीनं पहिली बादली ओढली. अर्धीच आली. दुसरी ओढली. तीही अर्धी.

"बुवा, बादली अर्धीच का येते?"

या प्रश्नाची बुवा वाटच बघत असत. त्यांनी डोळे मिटले.

"अर्धी बादली म्हणजे मन. भरलं म्हणावं, तर वर येईतो सांडतं. अकरा वर्षं मी या बादलीवर चिंतन करतोय."

पुष्कळ लोक दोण भरता भरता दमून, प्रश्न न विचारताच घरी जात. बुवांचं त्यावरही एक प्रवचन होतं.

कल्याणीकडे चिंतनाला वेळ नव्हता. तिनं घड्याळ पाहिलं आणि बादली समोर धरून उलटसुलट फिरवली. बादलीची कडी मधोमध चेपली होती. दोरीची गाठ घसरून एका बाजूला जात होती, बादली कलंडत होती आणि अर्धं पाणी परत विहिरीत पडत होतं.

"तार आहे का थोडी?"

"मठात तार कशाला असेल?"

तिनं दोन्ही वेण्यांची रबरं काढली. गाठ मध्यावर ओढली आणि कडीवर तिच्या अलीकडे एक, पलीकडे एक रबर करकचून गुंडाळलं.

बादली भरून वर आली. त्यापुढची प्रत्येक बादली तशीच आली. साडेतीनला दोण काठोकाठ भरली.

"हे काय केलंस तू?" बुवांचा आवाज चिरकला. "ती आप्पांची शिकवण होती."

आवाज ऐकून आप्पास्वामी शेंगा सोलत बाहेर आले. दोणीकडे बघत राहिले. मग त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि सावकाश प्यायले.

"आप्पा, तुमची अर्धी बादली गेली," बुवा म्हणाले.

"माझी?" आप्पा म्हणाले. "मला वाटायचं, तुझीच आहे..."

बुवांनी उपरण्याची घडी पुन्हा नीट केली.

कल्याणी वाकून नमस्कार करत म्हणाली, "आप्पा, दोण भरली. आता सांगा. इंजिनिअर होऊ का नको? मला जमेल का?"

आप्पांनी एक शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले.

"तुझी रबरं सोडून घे, पोरी. मग सांगतो."

ती विहिरीपाशी गेली. बादली हातात घेतली. एका रबराचा वेढा नखानं उचलला...

...आणि पुन्हा घट्ट बसवला.

"राहू देत," ती म्हणाली. "बादली परत कलंडेल."

"मग उत्तर मिळायचं नाही."

कल्याणीनं बादलीकडे पाहिलं. तीन दिवसांची धास्ती कधी गेली, तिला कळलं नव्हतं. तिनं बादली काठावर ठेवली आणि स्कूटीची किल्ली काढली.

"मी निघते, आप्पा. पाचला फॉर्म बंद होतो."

वाऱ्यानं तिचे मोकळे केस तोंडावर येत होते. एका हातानं ते आवरत ती दुसऱ्या हातानं स्कूटी वळवू लागली.

आप्पास्वामींनी शेंगांची टरफलं झटकली आणि मागे वळून पाहिलं.

"निरंजना, तुझं उपरणं दे तिला केस बांधायला. कशाच्या तरी कामी येऊ दे."