आज कोण आलं नाही?

फार वर्षांमागे डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे ख्रिस्ती मंडळींचं जुनं दगडी चर्च होतं. त्या उन्हाळ्यात गावात नुसती धांदल उडाली होती! त्या मुलखाचे बिशप, म्हणजे सगळ्या चर्चचे प्रमुख, आता थकले होते आणि नवा बिशप निवडायला चाळीस गावांची माणसं तिथे जमली होती.

नावं दोन होती. एक होता पंडित. हिब्रू आणि ग्रीक त्याला तोंडपाठ, आणि त्याचं प्रवचन ऐकताना माणसं डोलायची. पण पाळक म्हणून, म्हणजे एखाद्या चर्चची माणसं सांभाळणारा धर्मगुरू म्हणून, तो कुठल्याही मंडळीत एक दिवस राहिला नव्हता. दुसरा त्याच गावचा पाळक. प्रवचनात मध्येच अडखळायचा. वीस वर्षं तो तिथल्या लग्नांना, भांडणांना आणि मयतींना धावत होता.

“पंडितच होणार बघा!” जो तो म्हणत होता.

रविवारी सकाळी चर्च खच्चून भरलं. पंडित बोलायला उभा राहिला, आणि काय बोलला! लोक भान हरपून ऐकत होते. तेवढ्यात बाहेरून आरोळी आली, “आग! वस्तीला आग लागली!”

सगळे बाहेर धावले. वारा सुटला होता आणि गवताची छपरं भराभर पेट घेत होती. पंडित काही भित्रा नव्हता. त्याने झटकन विहिरीपासून माणसांची रांग लावली. घागरी हातोहात पुढे सरकू लागल्या.

“घरात कोणी अडकलं नाही ना?” त्याने विचारलं.

“नाही, नाही! सगळे चर्चमध्येच होते.”

“सगळे नव्हते,” पाळक ओरडला. “एस्तेरमावशी आज दिसली नाही. तिचा गुडघा सुजला असणार. आणि शांतवनदादा तर माझ्यावर रुसून दोन वर्षं येतच नाही!”

चार तरुण धावले आणि मावशीला खाटेसकट उचलून घेऊन आले. पंडित शांतवनदादाच्या घराकडे पळाला. त्याने दार धडाधडा ठोठावलं, हाका मारल्या. उत्तर नाही.

“आत कोणी नाही!” म्हणत तो मागे फिरला.

“आहे!” धापा टाकत पाळक आला. “बायको गेल्यापासून हे दार त्याने उघडलेलंच नाही. मागून चला. आणि त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजव्या कुशीवर झोपला असेल, तर ढोल वाजवला तरी उठायचा नाही.”

दोघं मागच्या दाराने धुरात शिरले. म्हातारा खरंच उजव्या कुशीवर गाढ झोपला होता! पाळकाने त्याला गदागदा हलवलं. त्याने डोळे उघडले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“पाळकसाहेब, मी तुमच्याशी बोलत नाही!”

“नका बोलू, दादा. नुसते पाठीवर बसा!”

तिघं बाहेर पडले आणि मागे छप्पर कोसळलं. लोकांनी एकच जल्लोष केला.

पंडिताला राहवेना. “तो येत नाही, बोलत नाही. मग एवढं कसं ठाऊक तुम्हाला?”

“तो येत नाही, म्हणून मी जातो,” पाळक म्हणाला. “मागच्या दारी बसतो घटकाभर. तो बोलत नाही, तरी बसतो.”

आग विझली आणि दुपारी चर्चसमोरच्या झाडाखाली सभा भरली. म्हाताऱ्या बिशपांनी विचारलं, “बोला, कोणाला निवडायचं?”

सर्वांच्या आधी पंडित उठला. “माझं नाव मी मागे घेतो. आज मी एका जिवंत माणसाच्या दारातून ‘आत कोणी नाही’ म्हणून परत फिरलो होतो. मला आधी एक मंडळी सांभाळायला द्या. बाकीचं पुढे बघू.”

 मग अशा टाळ्या पडल्या, की झाडावरचे पक्षी उडाले! पाळक बिशप झाला आणि पंडिताला तेच गाव मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंडित उत्साहाने हजर झाला. “चर्चच्या किल्ल्या द्या. कुठून सुरुवात करू?”

“किल्ल्या देतो नंतर,” नवा बिशप हसून म्हणाला. “आधी चपला घाला. एकेका घरी जाऊन येऊ.”

तात्पर्य: पुष्कळांचं पुढारपण घेण्याआधी थोड्यांच्या दारी जाऊन बसावं; माणसं पोथीत नाही, त्यांच्या घरी कळतात.