शाळेमागचं धुणं

हैबतराव महाराजांनी शाळा बांधली, पंतोजी नेमले, पाट्या वाटल्या, आणि शाळा ओस पडली. कारण हुकूम महाराजांचाच होता : मळक्या कपड्यातलं पोर आत घ्यायचं नाही. दारावर मिशाळ दरवान बसवलेला. तो एकेकाची बाही उलटून बघायचा आणि बोटानं घरची वाट दाखवायचा.

कुंभाराची सोनकी रोज त्या वाटेनं परत जायची. अक्षर असं सुरेख, की दारातूनच तिची पाटी पाहून पंतोजी आपली लपवायचे. पण परकर-पोलकं एकच आणि घरभर चिखल. रात्री धुवावं तर सकाळी ओलं. ओलं घालून आली की दरवान म्हणे, चटई भिजेल, परत जा.

एका सकाळी भानबा परीट वाड्याचं धुणं न्यायला आला. बरोबर त्याची नवी सून, येसू. महाराज मागच्या दारीच उभे होते. त्यांनी भानबाला झापलं, की गावात तुझ्यासारखा परीट असून पोरं मळकी कशी? भानबा डोकं खाजवत राहिला. तेवढ्यात पदराआडून आवाज आला.

"जोड एकच आहे, महाराज. तो धुवायला काढला, तर पोरानं अंगात काय घालायचं?"

भानबाला ठसकाच लागला. सासरी आल्यापासून येसू इतकी कमी बोलली होती, की शेजारणी तिला मुकी समजत. पण बघत मात्र होती ती सगळं.

महाराजांना राग आला. मागे कापड वाटलं तर लोकांनी ते लग्नकार्यासाठी पेटीत घातलं, असं ते म्हणाले. आता सुताचा धागा मिळायचा नाही.

"तू एवढी शहाणी, तर तूच दाखव करून. उद्यापासून पोर न् पोर शाळेत दिसलं पाहिजे. मळकं नको, ओलं नको, उघडं नको. नवं कापड नाही, आणि कुणाच्या दारात जाऊन मागायचंही नाही. पौर्णिमेला मी येईन. एक जरी जागा रिकामी दिसली, तर शाळेत माझे घोडे बांधीन."

येसूनं शाळेमागचं अंगण, विहीर आणि कपडे उकळायच्या भट्टीपुरती लाकडं मागितली. महाराजांनी दिली. "पण माझं धुणं थांबता कामा नये," त्यांनी बजावलं.

"छे, महाराज," येसू म्हणाली. "तुमच्या धुण्याशिवाय हे काम व्हायचंच नाही."

घरी येईपर्यंत भानबानं कपाळ बडवून घेतलं. सासूनं तर माहेरचाच उद्धार केला. येसू वाड्याचं गाठोडं सोडायला बसली. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी तिनं एक गोष्ट पाहून ठेवली होती. सासूबाई हळदीकुंकवाला निघाल्या त्या दिवाणीणबाईंच्या शालूत, आणि मामंजींच्या डोक्याला सुभेदारांचा फेटा. धुवायला आलेला कपडा धुण्याआधी एकदा मिरवून आणायचा, ही त्या घराची रीत होती. सगळ्या परीटआळीला ठाऊक, आणि बोलत कुणीच नसे.

पौर्णिमेला महाराज शाळेत आले, आणि उंबऱ्यातच थबकले. शाळा गच्च भरली होती. पण पहिल्या रांगेत दिवाणांचं उपरणं लुंगीसारखं गुंडाळून एक पोरगं पाढे म्हणत होतं. त्याच्यामागे फौजदारांच्या एकाच सदऱ्यात दोघे भाऊ बसले होते, एक बाही याची, एक त्याची. आणि फळ्यापाशी जरीचा अंगरखा पायघोळ लोळवत, बाह्या कोपरापर्यंत दुमडून, सोनकी उभी होती. पंतोजी घामानं भिजले होते.

"हा अंगरखा माझा आहे," महाराज गरजले.

"हो, महाराज," येसू अंगणातून आत आली. तिच्यामागे दोरीवर इवलेसे परकर आणि सदरे उन्हात वाळत होते. "पोरं सकाळी मागच्या दारानं येतात, आपले कपडे भट्टीला देतात, हे घालून पुढच्या दारानं आत जातात. घरी जाताना धुतलेले घालून जातात. मग हे आम्ही धुतो. नवं कापड घेतलं नाही, कुणाच्या दारात मागितलं नाही. तुमच्याच माणसांनी गाठोडी बांधून दिली."

महाराजांचे डोळे बारीक झाले. पकडली होती त्यांनी तिला.

"म्हणजे हा धुवायचा आहे. म्हणजे मळका आहे. पोर मळक्या कपड्यात बसलंय आणि तू हरलीस! सांगा घोडे आणायला."

पोरांचे पाढे थांबले. सोनकीनं अंगरख्याची बाही घट्ट धरली.

येसूनं पदर सावरला. "मळका की स्वच्छ, ते मी कोण ठरवणार? ते काम दरवानाचं. त्यालाच विचारा. महाराजांच्या अंगावरचा अंगरखा मळका होता असं तो चारचौघांत म्हणाला, तर मी या पोरीला आत्ता घरी पाठवते."

सगळ्यांच्या माना दरवानाकडे वळल्या. त्याच्या मिशा खाली आल्या.

"बोल," महाराज म्हणाले. "सकाळी ही दारात आली तेव्हा तू काय केलंस?"

दरवान जमिनीकडे बघत पुटपुटला, "अंगरख्याची जर दिसली, सरकार. मी सवयीनं मुजरा केला."

मग महाराजांच्या पोटातून जे हसू उसळलं, ते आवरेचना. हसता हसता ते फौजदारांच्या सदऱ्यातल्या दोघा भावांशेजारी चटईवरच बसले. त्यांच्या हसण्यानं पंतोजींना धीर आला आणि दरवानाला घाम फुटला.

घोडे तबेल्यातच राहिले. शाळेमागे पक्की भट्टी बांधली गेली, भानबाच्या घराला वर्षासनाचं धान्य लागलं, आणि वाड्याचं धुणं आधी शाळेत जाऊन मग घाटावर जावं, असा हुकूम निघाला. त्यानंतर महाराज अंगरखा उतरवताना बाह्या स्वतःच दुमडून ठेवू लागले.

येसूला हिरवं, काठापदराचं लुगडं मिळालं. सासूनं ते उलटसुलट करून पाहिलं, कुणाचं आहे ते तिला ओळखू येईना. त्या घरात आलेलं ते पहिलंच लुगडं होतं, जे धुऊन परत द्यायचं नव्हतं.